सैनिकाचा नेत्रविकार आणि पुराव्याचा भार

तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द 1798 ते 1832) यांनी धन्वंतरी महालात नेत्ररुग्णांवर उपचार करविले व त्यांच्या सचित्र नोंदी ठेवविल्या. त्या जपल्या गेल्या, म्हणूनच दोन शतकांपूर्वीच्या रुग्णाच्या डोळ्याची अवस्था आज सांगता येते. त्याच तंजावरमधील एखाद्या माजी सैनिकाला मात्र आपल्याच डोळ्याविषयी वीस वर्षांपूर्वीचा कागद दाखविणे पुष्कळदा अशक्य होते. आणि त्याचे अपंगत्व निवृत्तिवेतन नेमके त्या कागदावर अडते.

हे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी व्याधी सैनिकी सेवेमुळे उद्भवलेली वा बळावलेली असावी लागते, आणि अपंगत्व सर्वसाधारणपणे किमान 20 टक्के. स्फोटात डोळा गेला तर कार्यकारणसंबंध उघड असतो. काचबिंदूचे तसे नाही. बहुधा वेदनेविना तो वर्षानुवर्षे दृष्टीच्या कडा खात जातो आणि लक्षात येतो तेव्हा झालेली हानी भरून येत नाही. नागरी जीवनातही तो होतोच. त्यामुळे ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा मारणे सोपे जाते. वस्तुतः डोळ्याला बसलेला मुका मार किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे यांमुळेही काचबिंदू उद्भवतो, तोही कधीकधी अनेक वर्षांनी.

1982 च्या नियमांचा रोख उदार होता. भरतीच्या वेळी नोंद नसलेला विकार सामान्यतः सेवाकाळातील मानावा, सैनिकाकडे पुरावा मागू नये, रास्त संशयाचा फायदा त्याला द्यावा. धरमवीर सिंग प्रकरणात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. अर्थशास्त्रीय दृष्टीनेही ही वाटणी योग्य ठरते: अभिलेख ज्याच्या ताब्यात, सिद्धतेचा खर्च त्याने सोसावा.

2008 च्या नियमांनी त्यात अपवाद घातला. सेवामुक्तीनंतर 15 वर्षे उलटल्यावर दावा केला आणि तोवर सेवा-अभिलेख विहित मुदतीनंतर नष्ट झालेले असले, तर सिद्धतेचा भार दावेदारावर येतो. संथ नेत्रविकारांना हा अपवाद विशेष जाचतो. कागद शासन नष्ट करणार आणि उणीव सैनिकाच्या खाती पडणार, हा हिशेब न्याय्य म्हणता येत नाही. (21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू झाले आहेत.)

म्हणून सैनिकी रुग्णालयातील जुनी चिठ्ठी, नेत्रदाब व दृष्टिक्षेत्राच्या तपासण्या आणि सेवामुक्तीवेळचा वैद्यकीय अहवाल यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवणे हिताचे. अपील फेटाळले गेल्यास 2007 च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. तंजावरच्या माजी सैनिकांसाठी त्याचे खंडपीठ चेन्नईला आहे.