अठ्ठाविसाव्या वर्षी म्हातारा, शेहेचाळिसाव्या वर्षी मैदानात

३१ मे आणि १ जून २०२५. मुंबईत प्रो कबड्डी लीगच्या बाराव्या हंगामाचा लिलाव. इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी गुजरातने २ कोटी २३ लाख मोजले, कोटीच्या वरच्या बोल्या ऐकून ऐकून कान सरावले, आणि त्याच दालनात परदीप नरवालचं नाव पुकारलं गेलं तेव्हा बारापैकी एकाही संघाने बोली लावली नाही. ज्याला विकत घेण्यासाठी उत्तर प्रदेशच्या संघाने २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाख ओतले होते, तो माणूस न विकला गेलेल्यांच्या यादीत गेला. पाठोपाठ त्याने निवृत्ती जाहीर केली.

हा काही ऐरागैरा चढाईपटू नव्हे. चढाईत १,८०१ गुण, लीगच्या इतिहासात तोवर कुणाचेच इतके नव्हते. पाटण्याच्या सलग तीन विजेतेपदांत तो होता. २०१७ च्या बाद फेरीत हरियाणाविरुद्ध त्याने एकाच चढाईत समोरचे सहाच्या सहा गडी बाद केले, लोणाचे दोन धरून आठ गुण एका दमात आणले. आणि लिलावाच्या दिवशी त्याचं वय होतं अठ्ठावीस. आपल्याकडे या वयात पोरांचं लग्न जमवायला घरचे नुकते कुठे कंबर कसत असतात!

आता दुसरं टोक पाहा. तमिळनाडूचा धर्मराज चेरलाथन. जन्म १९७५ चा. २०१६ मध्ये चाळिशी ओलांडल्यावर तो पाटण्याचा कर्णधार म्हणून लीग जिंकला, त्याच वर्षी अहमदाबादला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातही होता, आणि २०२१-२२ च्या आठव्या हंगामात जयपूरच्या संघात त्याचं नाव होतं तेव्हा तो शेहेचाळीस वर्षांचा होता. खेळ तोच, मॅट तीच, नियम तेच. मग एक जण अठ्ठाविसाव्या वर्षी संपतो आणि दुसरा शेहेचाळिसाव्या वर्षी जर्सी घालतो, हे गणित बसतं कसं?

त्याचं उत्तर मैदानाच्या मापात आहे. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्ये रेषा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईपटूला एवढ्याशा जागेत एकट्याने सात जणांसमोर जायचं असतं, तेही तीस सेकंदांत. निदान रेषा ओलांडायची, कुणाला तरी शिवायचं, आणि वळून परत यायचं. हे ‘वळून’ महत्त्वाचं. सरळ पळण्यात वय इतक्या लवकर दिसत नाही, थांबण्यात आणि वळण्यात दिसतं. पूर्ण वेगात आत शिरलेलं ऐंशी किलोचं शरीर एका पावलावर रोखून उलट दिशेला फेकायचं, तर तो सगळा भार गुडघ्याच्या आतल्या दोरखंडासारख्या अस्थिबंधावर येतो. मातीवर पाय थोडा घसरायचा, तेवढा ताण मातीत जायचा. मॅटवर बूट चिकटून बसतो, पाऊल जागच्या जागी राहतं आणि पीळ गुडघ्याला पडतो. वर, पकड बसली की चार-पाच जण अंगावर. म्हणजे तीन-चारशे किलोंचा ढीग. बरा चढाईपटू एका सामन्यात अशा पंधरा-वीस चढाया करतो. स्नायूंमधले झटपट आकसणारे तंतू, ज्यांच्या जोरावर ती पहिली उसळी मिळते, तेच वयानुसार आधी मंदावतात. दम टिकतो, झेप जाते.

परदीपची ख्याती डुबकीची. साखळी करून अंगावर आलेल्या दोघांच्या हातांखालून सुळकन वाकून निघायचं. त्यासाठी कंबर गुडघ्याच्या पातळीवर न्यायची आणि तिथून पुन्हा उसळायचं. यात अर्धी वीत जरी कमी पडली तरी मान पकडली जाते. शिवाय त्याच्या शेकडो डुबक्यांचं चित्रीकरण प्रत्येक संघाच्या प्रशिक्षकाकडे पडलेलं. कोपऱ्यातली पोरं त्या बघतच मोठी झाली. शरीर थोडं मंदावलं आणि युक्ती सगळ्यांना पाठ झाली, या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या की चढाईपटूचं वय अचानक दुप्पट होतं. अकराव्या हंगामात बंगळुरूने त्याला ७० लाखांत घेतलं होतं. २०१७ च्या हंगामात त्याने चढाईत साडेतीनशेच्या वर गुण मिळवले होते. बंगळुरूकडून त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत राहिले.

आता नजर चेरलाथनच्या जागेकडे, उजव्या कोपऱ्यात वळवा. तिथे उभा असलेला माणूस फारसा पळत नाही. एक हात शेजाऱ्याच्या हातात, गुडघे वाकलेले, दुसरा हात मोकळा, नजर चढाईपटूच्या कंबरेवर. पायांवर नव्हे; पाय फसवतात, कंबर सहसा फसवत नाही. मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट इथे दडलेली आहे. डोळ्यांना काही दिसलं आणि हात हलला, एवढ्यालाच माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. बोनससाठी आत आलेला पाय जमिनीला टेकून परत उचलला जाईपर्यंत जवळपास तेवढाच वेळ जातो. म्हणजे पाय दिसल्यावर झेपावणारा कोपरारक्षक कायम उशिराच पोहोचणार. घोटा ज्याच्या हाती लागतो, तो पाय यायच्या आधीच निघालेला असतो. खांदा किंचित झुकला, श्वास बदलला, आदल्या चढाईत हा डावीकडून आला होता, आता सलग दोन रिकाम्या चढाया झाल्यात म्हणजे ही ‘करो या मरो’ची चढाई, तेव्हा याला गुण आणावाच लागणार: हे सगळं तो नकळत मोजतो आणि जागेवरून सुटतो. वेगवान गोलंदाजी खेळणाऱ्या फलंदाजांवर झालेल्या अभ्यासांतही हेच दिसलं आहे की मुरलेले फलंदाज चेंडू सुटण्याआधीच गोलंदाजाच्या अंगावरून त्याचा अंदाज बांधतात.

हा अंदाज व्यायामशाळेत मिळत नाही, हजारो चढाया समोर बघून मिळतो. पाय थोडे मंद झाले तर तो अर्धं पाऊल आधी निघतो, एवढंच.

संघ चालवणाऱ्यांना हे कळतं का? कधी कळतं, कधी नाही. हंगाम संपला की प्रत्येक संघ कायम राखायच्या खेळाडूंची यादी देतो. किती अनुभवी खेळाडू ठेवता येतील, किती तरुण, याला मर्यादा आहे. उरलेले सगळे लिलावाच्या हौदात. अ, ब, क अशा गटांनुसार पायाभूत किंमत ठरते, वरच्या गटाची ३० लाख. आपला सोडलेला खेळाडू दुसऱ्याने उचलला तर ‘फायनल बिड मॅच’चं कार्ड काढून तेवढ्याच रकमेत त्याला परत घेता येतं. थैली मात्र एकच, साधारण पाच कोटींची, आणि तिच्यात वीस-पंचवीस जणांचा संसार बसवायचा. पहिल्या लिलावात, २०१४ मध्ये, सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारची किंमत होती १२ लाख ८० हजार. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर एकट्यावर २ कोटी ६० लाख ५० हजार लावले. अर्धी थैली रिकामी! पुणेरी पलटनने त्याच लिलावात शादलूला २ कोटी ३५ लाखांत आणलं, १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं, आणि पुढच्या लिलावाआधी त्यालाच मोकळं केलं. तेवीस-चोवीस वर्षांचा, जगातला सर्वोत्तम म्हणावा असा खेळाडू! तो हरियाणाकडे गेला आणि त्या वर्षी हरियाणा जिंकली. तेव्हा संघातून जाण्याला वयच कारण लागतं असं नाही, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

पण वयाचा खरा धडा मुंबईने २०१८ मध्ये दिला. अनूप कुमार यू मुंबाचा चेहरा होता. पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी, २०१५ मध्ये विजेतेपद, बोनस घेण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. तो हरियाणाचा, पण मुंबईकरांनी त्याला घरचाच मानला. पाचवा हंगाम फसला आणि सहाव्याच्या आधी मुंबईने त्याला सोडलं. जयपूरने ३० लाखांत घेतलं. वय चौतीस. त्याच लिलावात मुंबईने कुणाला घेतलं? इराणी कोपरारक्षक फझल अत्राचलीला, एक कोटीला. लीगमध्ये कोटीचा टप्पा गाठणारा तो पहिलाच. आणि त्याच्या जोडीला चेरलाथनला, वय त्रेचाळीस! चौतिशीच्याला ‘वय झालं’ म्हणून निरोप आणि त्रेचाळिशीच्याला दारात ओवाळणी, हे वरवर पाहिलं तर हास्यास्पद वाटतं. पण अनूपची चढाई चाणाक्षपणावर चालत असली तरी शेवटी त्याला पावणेचार मीटर आत जाऊन परत यायचं होतं, आणि चेरलाथनला फक्त वाट बघायची होती. चढाईसाठी मुंबईने कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडचा, लीगमध्ये कुणी न पाहिलेला सिद्धार्थ देसाई घेतला, ३६ लाख ४० हजारांत. त्याने पहिल्याच हंगामात दोनशेच्या वर गुण आणले, मुंबई बाद फेरीत पोहोचली, आणि पुढच्या वर्षी सिद्धार्थची किंमत १ कोटी ४५ लाख झाली. अनूपने त्या डिसेंबरात निवृत्ती घेतली आणि पुढच्या हंगामात पुणेरी पलटनचा प्रशिक्षक झाला.

दिल्लीने तर याचा फॉर्म्युलाच केला. आठव्या हंगामात त्यांनी मंजीत छिल्लर, जीवा कुमार, संदीप नरवाल, अजय ठाकूर असे जुने गडी गोळा केले, डाव्या कोपऱ्यात कर्णधार जोगिंदर नरवाल. लोक म्हणाले, हा संघ आहे की माजी खेळाडूंचं संमेलन? पुढे चढाईला बाविशीतला नवीन कुमार आणि विजय मलिक. २५ फेब्रुवारी २०२२ ला अंतिम सामन्यात पाटणा ३६, दिल्ली ३७. मागे अनुभव, पुढे कोवळे पाय.

ही वाटणी काही कबड्डीची एकटीची नाही. कॅनडात जो फुटबॉल खेळतात, हातात चेंडू घेऊन एकमेकांना धडकायचा, तिथेही दर हिवाळ्यात हीच कापाकापी चालते. वेतनावर मर्यादा, फेब्रुवारीत करार संपलेल्यांचा बाजार, आणि धडका घेत पळणारे तिशीच्या अलीकडेच पांगळे ठरतात. पण व्हँकुव्हरच्या बीसी लायन्समध्ये लुई पासाल्या नावाचा माणूस १९७६ ते २००० असे पंचवीस हंगाम एकाच संघाकडून खेळला. तो चेंडूला लाथ मारायचा, बाकीच्यांसारख्या धडका त्याच्या वाट्याला क्वचितच. शेवटच्या सामन्यात संघाला ग्रे कप जिंकून देणारी लाथही त्याचीच होती. वय शेहेचाळीस. चेरलाथनइतकंच!

आपल्या छत्रपती संभाजीनगरला प्रो कबड्डीचा संघ नाही. क्रिकेटच्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये २०२३ ला ‘छत्रपती संभाजी किंग्ज’ होता, धाराशिवचा राजवर्धन हंगरगेकर त्याचा मुख्य चेहरा. कबड्डीत मात्र इथला माणूस पुण्याला किंवा मुंबईला आपलं म्हणतो. त्यात पुण्याचा कर्णधार अस्लम इनामदार शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, म्हणजे जवळपास घरचाच. पूर्वी आपल्याकडे वय झालेल्या कबड्डीपटूचा प्रश्न लिलावात सुटत नव्हता, कार्यालयात सुटत होता. रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, बँका खेळाडूंना नोकरीवर घ्यायच्या. पाय थकले की तोच माणूस टेबलावर बसायचा आणि संध्याकाळी नव्या पोरांना शिकवायचा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत त्या आजही तितक्याच महत्त्वाच्या, कारण लिलावातले कोटी मूठभरांचे आणि दोन-चार हंगामांचे. विद्यापीठाच्या आवारातल्या क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात किंवा गारखेड्याच्या संकुलात घाम गाळणाऱ्या मुलाने चढाईच शिकावी की कोपराही, हा प्रश्न मला म्हणून पोटापाण्याचा वाटतो. मला विचाराल तर दोन्ही. अस्लम स्वतः अष्टपैलू आहे. अकराव्या हंगामात गुडघ्याने दगा दिला तेव्हाही पुण्याने त्याला सोडलं नाही.

परदीपला कुणी विचारलं नाही त्या २०२५ च्या लिलावानंतरच्या हंगामाचा शेवट ३१ ऑक्टोबरला दिल्लीत झाला. जोगिंदर नरवाल तोवर दिल्लीचा प्रशिक्षक झाला होता. त्याने लिलावाआधी आपला लाडका चढाईपटू नवीन कुमार, वय पंचवीस, जाऊ दिला होता आणि बचावाला फझल अत्राचली, वय तेहेतीस, आणि पस्तिशीतला सुरजित सिंग आणले होते. समोर आपली पुणेरी पलटन, वर्षानुवर्षं जपलेली तरुण पोरं, साखळी फेरीत धडाक्यात खेळलेली. दिल्ली ३१, पुणे २८.