हजारो साध्या स्विचचं मजबूत जाळं

जुलै २०२० मध्ये पनवेल तालुक्यातल्या भोकरपाड्यात ७,२०० रॅकची क्षमता असलेलं योट्टा कंपनीचं डेटा सेंटर सुरू झालं. अशा इमारतीत हजारो सर्व्हर असतात. ते एकमेकांशी जोडायचे कसे, हा डेटा सेंटर उभारणाऱ्यांपुढचा अवघड प्रश्न असतो.

आपण मोबाइलवर एखादी गोष्ट शोधतो तेव्हा तिचं उत्तर एकटा सर्व्हर देत नाही. अनेक सर्व्हर आपापसात माहितीची देवाणघेवाण करतात. जुन्या रचनेत ही सारी वर्दळ वरच्या एक-दोन महागड्या स्विचमधून, म्हणजे माहिती योग्य सर्व्हरकडे वळवणाऱ्या उपकरणांतून, जाई. वाशीची खाडी ओलांडायला एकच पूल असावा, तशी तिथे कोंडी होई. मोठा स्विच आणला की खर्च भरमसाट वाढे, आणि तो बंद पडला की मोठा भाग ठप्प होई.

यावरचा तोडगा टेलिफोनच्या जमान्यातला आहे. १९५३ मध्ये बेल लॅब्जच्या चार्ल्स क्लॉस यांनी दाखवून दिलं, की लहान स्विच तीन थरांत नीट जोडले तर एका प्रचंड स्विचचं काम होतं. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी हीच कल्पना बाजारात सहज मिळणाऱ्या स्वस्त स्विचवर बेतली. ४८ पोर्टचे एकसारखे २,८८० स्विच घेतले, तर २७,६४८ सर्व्हर पूर्ण वेगानं एकमेकांशी बोलू शकतात. वरच्या थरात ५७६ स्विच असतात. दूरच्या दोन सर्व्हरमध्ये तेवढेच समान मार्ग उपलब्ध असतात. वरच्या थरातला एक स्विच बिघडला तरी उरलेले ५७५ मार्ग चालूच राहतात.

याची किंमत केबलच्या रूपात मोजावी लागते. एवढ्या जाळ्यात नुसते स्विच परस्परांना जोडायलाच ५५,२९६ केबल लागतात. म्हणून अनेक ठिकाणी वरच्या थराकडे जाणारे मार्ग गरजेपुरतेच ठेवतात आणि सर्व्हर वाढतील तसे वाढवतात. किती मार्ग पुरतील, याचा अचूक अंदाज बांधणं हेच अभियंत्याचं खरं कसब.

पनवेल-नवी मुंबई पट्ट्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्यांनी हे जाळं स्वतः बांधून पाहावं. ‘मिनिनेट’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, चार पोर्टचे वीस स्विच आणि सोळा सर्व्हर जोडा, आणि मधला एक स्विच बंद करून काय होतं ते पाहा. त्यासाठी साधा लॅपटॉप पुरेसा आहे.