रणांगणांतून परतलेलें मन

नाशिकजवळील देवळाली येथें १८६१ मध्यें इंग्रजांची लष्करी छावणी वसली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तेथें विलायतेच्या जहाजाची महिनोन्‌महिने वाट पाहत. उष्म्यानें व रिकामपणानें कित्येकांचीं डोकीं फिरत. अशांस ‘डूलॅली टॅप’ झाला म्हणून सोबती हसत. डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप! डूलॅली हा शब्द वेडसर माणसाच्या थट्टेकरितां इंग्रजींत आजही रूढ आहे.

ही थट्टाच शिपायास वैद्याच्या दारापासून दूर ठेविते. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, डॉ. चार्ल्स मायर्स यांनीं ‘शेल शॉक’ या नांवाखालीं अशा रुग्णांचें वर्णन प्रसिद्ध केलें. तोफगोळ्याच्या दणक्यानें मेंदूस इजा होते, असा प्रथम तर्क होता. परंतु स्फोटापासून दूर असलेल्यांसही तीच व्यथा होते, असें पुढें दिसून आलें. १९८० मध्यें अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांनीं आघातोत्तर तणाव-विकार म्हणून तिची रोगांत गणना केली. झोपेंत तेंच युद्ध पुन्हां दिसणें, लहानशा आवाजानें दचकणें, माणसें टाळणें, घरच्यांवर अकारण संतापणें, हीं तिचीं लक्षणें होत.

शांतिपर्व वाचलेल्यांस हें नवें वाटूं नये. युद्ध जिंकूनही युधिष्ठिरास राज्य नकोसें झालें. भीमानें टोंचून बोलून पाहिलें. शोक शमला नाहीं. अखेर व्यासांनीं त्यास भीष्मांकडे जाण्यास सांगितलें. घरच्यांचे बोल जेथें पुरत नाहींत, तेथें जाणत्याकडे जावें, हाच त्याचा बोध.

आपल्या वऱ्हाडांत, अकोल्याच्या जठारपेठेंतील एखाद्या वाड्यांत निवृत्त फौजी रात्र रात्र जागत असेल, तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून त्यास माडीवर लपवूं नये आणि ‘शूर असून भितोस?’ असेंही म्हणूं नये. १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो; पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत डिसेंबर २०२३ मध्यें सैनिकांसाठीं त्याचा स्वतंत्र कक्ष उघडला गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें रुग्णास उपचाराचा व गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं क्रमाक्रमानें बोलतें करणें आणि गरजेप्रमाणें औषध, या उपायांनीं अनेकांस उतार पडतो.

पायास गोळी लागली असती, तर आपण त्यास खांद्यावर घेऊन रुग्णालयांत नेलें असतें. मनाच्या जखमेसही तोच खांदा हवा.