रिळावरील शेवटची गांठ

मासे गरविण्याचा उद्योग फार प्राचीन आहे. कोंकणांतील खाड्यांच्या कांठीं राहणाऱ्यांस गरी व तंगूस यांची ओळख लहानपणापासूनच असते; आणि पेत्रास समुद्रांत गळ टाकावयास सांगितल्याची मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायांतील गोष्ट शुभवर्तमान वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. पूर्वीं दोरीचें दुसरें टोंक हातांत धरलेलें किंवा काठीच्या शेंड्यास बांधलेलें असे. त्यामुळें मासा दोरीच्या लांबीपलीकडे ओढूं लागला कीं दोरी तुटे, नाहीं तर काठी हातची जाई. ही अडचण रिळानें दूर केली. चीन देशांतील मा युआन या चित्रकारानें इ. स. ११९५ च्या सुमारास काढलेल्या एका चित्रांत होडींत बसून गळ टाकणाऱ्याच्या काठीस रीळ लावलेलें दिसतें. रिळावर शंभर-दीडशें मीटर दोरी गुंडाळून ठेवतां येते. मासा धांवूं लागला म्हणजे ती सोडतां येते व तो दमला म्हणजे पुनः ओढून घेतां येते.

गळाकडील गांठीची काळजी सर्वच घेतात, कारण ती डोळ्यांपुढें असते. रिळाकडील गांठ मात्र दोरीच्या शेंकडों वेढ्यांखालीं दडलेली. म्हणून ती कशीहि मारली तरी चालेल, असा पुष्कळांचा समज असतो. पतंग उडविणारीं मुलें असें म्हणणार नाहींत. मांजा फिरकीस बांधलेला नसला तर ढील देतां देतां शेवटचा वेढा सुटतो आणि पतंगाबरोबर सगळा मांजा हातचा जातो. रिळाचीहि तीच स्थिति आहे. तेव्हां या जागीं कोणती गांठ निवडावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करूं.

प्रथम या गांठीवर भार किती येतो तें पाहूं. बंदरांत जहाज धक्क्यास लागतें तेव्हां खलाशी दोरखंडाचे चार-पांच वेढे खुंटास देतो व मोकळें टोंक सहज हातांत धरून एवढें मोठें जहाज थोपवून ठेवतो. हें बळ त्याच्या हाताचें नव्हे, तर घर्षणाचें होय. ऑयलर या स्विस गणितज्ञानें अठराव्या शतकांत याचा नियम मांडला. वेढे जसजसे वाढतात, तसतशी घर्षणाची पकड बेरजेनें न वाढतां गुणाकारानें वाढते. घर्षणाचा गुणांक ०.१ इतका अल्प धरला तरी पांच वेढ्यांनीं ताण सुमारें तेविसाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे मासा १० किलोग्रॅमच्या जोरानें ओढीत असला, तर पांच वेढ्यांमागील गांठीस सुमारें ४३० ग्रॅमचाच ताण सोसावा लागतो. वेढे दहा असले तर तो २० ग्रॅमांहूनहि कमी होतो.

यावरून गांठीची गरजच नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. घर्षण हें मूळच्या पकडीस गुणतें. पण मूळची पकडच शून्य असेल तर शून्यास कितीहि पटींनीं गुणलें तरी शून्यच येणार. खलाशानें टोंक हातचें सोडलें तर वेढे घसरूं लागतात. रिळावर खलाश्याच्या हाताचें काम ही लहानशी गांठ करीत असते. म्हणून तिच्या अंगीं दोन गुण अवश्य पाहिजेत. एक, ती रिळाच्या गाभ्याभोंवतीं, म्हणजे ज्यावर दोरी गुंडाळली जाते त्या मधल्या गोल भागाभोंवतीं, घट्ट आवळून बसली पाहिजे. व दुसरा, ती लहान व चपटी असली पाहिजे, नाहीं तर तिच्या उंचवट्यामुळें वरचे वेढे सारखे बसत नाहींत.

हे दोन्ही गुण असलेली सर्वांत सोपी गांठ म्हणजे आर्बर गांठ. आर्बर म्हणजे रिळाचा गाभा. दोरीचें मोकळें टोंक गाभ्याभोंवतीं फिरवून बाहेर आणावें व त्यानें मुख्य दोरीभोंवतीं एक साधी गांठ मारावी. नंतर त्याच टोंकावर, पहिल्या गांठीपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर, दुसरी साधी गांठ मारावी. आतां मुख्य दोरी सावकाश ओढली म्हणजे पहिली गांठ सरकत जाऊन गाभ्यास भिडते व दुसरी तिच्यावर येऊन अडते. आपल्याकडे सुरगांठ व निरगांठ असे दोन प्रकार मानतात. सुरगांठ टोंक ओढतांच सुटते, निरगांठ सुटत नाहीं. आर्बर गांठीत फांस सरकता, परंतु त्यास अडसर निरगांठीचा आहे. त्यामुळें ओढ जितकी अधिक, तितका फांस अधिक आवळतो.

दुसरी गांठ यूनी या नांवाची आहे. टोंक गाभ्याभोंवतीं फिरवून मुख्य दोरीस समांतर धरावें व मागें वळवून त्याचा एक फेरा तयार करावा. मग तें टोंक त्या फेऱ्यांतून दोन्ही दोऱ्यांभोंवतीं चार-पांच वेळां गुंडाळून ओढावें व शेवटीं मुख्य दोरी ओढून सर्व गांठ गाभ्याशीं सरकवावी. ही गांठ किंचित् जाड होते. पण ती गळ बांधण्यासहि उपयोगी पडते, म्हणून एकच गांठ शिकावयाची असेल त्यानें हीच शिकावी.

गांठीची निवड दोरीच्या जातीवरहि अवलंबून असते. १९३८ सालीं नायलॉन जगापुढें आलें व पुढें त्याची एकेरी तार गळाच्या दोरीसाठीं सर्वत्र रूढ झाली. ही तार ताणली जाते व गाभ्यास आवळून बसते. तिला आर्बर गांठ पुरेशी आहे. अलीकडे पॉलिएथिलीनच्या बारीक तंतूंची विणलेली दोरी पुष्कळ वापरतात. ती बारीक असून फार बळकट, परंतु अतिशय गुळगुळीत असते व जवळजवळ ताणली जात नाहीं. ती थेट गुळगुळीत गाभ्यास बांधली तर गांठ न सुटतांहि सगळा गुंडाळा गाभ्याभोंवतीं जागच्या जागीं फिरूं लागतो, आणि रीळच बिघडलें असा भास होतो. याचा उपाय असा कीं, प्रथम नायलॉनची थोडी दोरी आर्बर गांठीनें बांधून तिचे दहा-पंधरा वेढे द्यावे व तिला विणलेली दोरी जोडावी. समोरासमोरील टोंकांनीं एकमेकांवर यूनी गांठ मारली कीं ही जोडगांठ तयार होते. कांहीं रिळांच्या गाभ्यावर रबराची पट्टी असते. तेथें अशा अस्तराची आवश्यकता नसते.

गांठ कोणतीहि असो, ती आवळण्यापूर्वीं पाण्यानें ओली करावी, कारण कोरडी आवळल्यास घर्षणाच्या उष्णतेनें नायलॉन दुबळें होतें. ज्या रिळास दोरी धरणारी तारेची कमान असते, तिची कमान आधीं उघडावी व मगच गांठ मारावी. टोंक आंखूड कापावें. आणि मासा कितीहि धांवला तरी शेवटचे दहा वेढे रिळावर राहतील, एवढी दोरी नेहमीं शिल्लक असावी.

ही काळजी केवळ गरविणाऱ्याच्या लाभासाठीं नाहीं. महसीर हा आपल्या नद्यांतील बळाविषयीं विख्यात मासा, एच. एस. थॉमस या मद्रास इलाख्यांतील अधिकाऱ्यानें १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवर लिहिलेल्या ग्रंथांत त्यास मोठें स्थान आहे. धरणें, दूषित पाणी व बेसुमार मासेमारी यांमुळें त्याच्या कांहीं जाति पुढें दुर्मिळ झाल्या, आणि १९७० नंतरच्या दशकांत लोणावळ्यानजीक वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें त्याच्या पैदाशीचें काम हातीं घेतलें. असा मासा रिळावरची गांठ सुटून निसटला, तर शंभर मीटर दोरी आपल्यामागें फरफटत नेतो. ती झाडाच्या मुळांत किंवा खडकांत अडकली कीं तो बांधला जाऊन मरतो. नायलॉन लवकर कुजत नाहीं. पुढें कित्येक वर्षें त्यांत पाणपक्षी व कांसवें गुरफटतात. म्हणून जाणते लोक गळाजवळचे दोन-तीन हात मुख्य दोरीहून कमी शक्तीच्या तारेचे ठेवतात. तुटावयाचेंच झालें तर दोरी माशाच्या तोंडाजवळ तुटावी, रिळाजवळ कदापि सुटूं नये.

विद्यार्थ्यांनीं हें सर्व घरीं पडताळून पाहावें. कांचेच्या गोल बाटलीस नायलॉनची तार आर्बर गांठीनें बांधावी व प्रयोगशाळेंतील कमानकांट्यानें ओढून ती किती ताणास घसरते तें लिहून ठेवावें. मग गांठीवर एक, दोन, तीन असे वेढे देत पुनः पुनः मोजावें. नंतर तेंच विणलेल्या दोरीनें करावें. दोन्ही दोऱ्यांचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडले म्हणजे वेढ्यांचें बळ किती व गांठीचें किती, हें आपोआप कळून येईल. मोठा भार वेढेच उचलतात. परंतु कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या त्या लहान गांठीनें आपलें काम सोडलें, तर त्यांच्यानें कांहींहि होत नाहीं.