सहा नावांची कर्णिका

आम्हा इस्लापूरकरांना पाण्याचा थाट माहीत तो सहस्रकुंड धबधब्याचा. मुंबईत नोकरी लागली की मग समुद्र, आणि क्रूझचं स्वप्न! २०१९ मध्ये 'कर्णिका'नं ते जवळ आणलं. मुंबईहून सुटणारी ही चकाचक बोट मूळची १९९० ची, इटलीत बांधलेली 'क्राऊन प्रिन्सेस'. कंपनी बदलली की नवं नाव, नवा रंग. आपलं कसं, जॉब बदलला की नवं आयकार्ड, अगदी तसंच! आपल्याकडे आली ती सहाव्या नावानं. वय झालंच होतं, पण घात केला कोरोनानं. २०२० मध्ये क्रूझ थांबल्या, कंपनी बुडाली आणि त्याच वर्षी बोट गुजरातमधल्या अलंगला तोडायला गेली. कमाई थांबली की बोटीचं थेट भंगार. आपल्याला निदान पीएफ तरी असतो!