एमसीआर चप्पल : मऊपणाचे शास्त्र

आपल्याकडील प्राथमिक आरोग्य केंद्रांतून कुष्ठरुग्णांना जी जाड तळाची, टाचेमागे पट्टा असलेली चप्पल देण्यात येते, तिची दप्तरी नोंद ‘एमसीआर’, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल, अशी होते. ती देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही ती मऊ आहे एवढेच ठाऊक असते. परंतु तो मऊपणा किती असावा, कोठवर टिकावा आणि तो मोजावा कसा, या प्रश्नांवर जुन्या मद्रास इलाख्यात, वेल्लोरपासून चेन्नईपर्यंतच्या टापूत, अर्धशतकाहून अधिक काळ विचार झालेला आहे.

१९४६ साली पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले, तेव्हा कुष्ठरोग्याची बोटे रोगामुळेच झडतात असा सार्वत्रिक समज होता. रोगाने मज्जातंतू बधिर होतात आणि पुढील नाश मुख्यतः वेदनेच्या अभावी घडतो, हे ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. पायात खडा रुतला काय किंवा एकाच हाडाच्या टोकाखाली हजारो पावलांचा दाब साचत गेला काय, दुखतच नाही म्हटल्यावर माणूस लंगडत नाही, थांबत नाही, आणि जखम हाडापर्यंत जाते. औषधाने जंतू मरतात, पण गेलेली संवेदना बहुधा परतत नाही. तेव्हा पायाच्या रक्षणाची जबाबदारी पादत्राणावर येऊन पडली. वेल्लोरनजीक करिगिरी येथील कुष्ठरोग केंद्रात हे काम नेटाने चालले. या चपलेत खिळ्याला मज्जाव आहे, कारण वर आलेला खिळा बधिर पायाला कळत नाही; सारे काम शिवणीवर आणि चर्मकार ज्याला सोल्युशन म्हणतात त्या चिकटद्रव्यावर भागवायचे. टाचेमागचा पट्टाही शोभेचा नव्हे. चप्पल वाटेत निसटली तरी ज्याला उमगत नाही, त्याच्यासाठी ती तजवीज आहे.

हे रबर तयार होते तो प्रकार पाहण्यासारखा असतो. रबराच्या मिश्रणात उष्णतेने वायू सोडणारे द्रव्य मळून ते दाबयंत्राच्या साच्यात तापवतात. आत वायू कोंडत असतानाच गंधकाच्या योगाने रबर पक्के होत जाते, आणि साचा उघडताक्षणी दाब सुटून तक्ता साच्याच्या मापाबाहेर फुगतो. त्याचा ताजा काप भिंगाखाली धरला, तर एकमेकांना खेटून बसलेली असंख्य कोष्ठे दिसतात, आणि ती बहुतांशी बंद असतात. गादीतील खुल्या कोष्ठांचा फोम घाम पिऊन घेतो, हा तक्ता पीत नाही. चेन्नईच्या दमट हवेत हा गुण फार मोलाचा आहे.

अशा फेसाळ बहुवारिकांवर (पॉलिमरांवर) भार वाढवीत नेला, तर प्रथम कोष्ठांच्या भिंती किंचित वाकतात. नंतर त्या दुमडू लागतात व थोड्याच वाढीव भाराने पदार्थ पुष्कळ दबतो. अखेरीस भिंतीला भिंत भिडून तो घट्ट होतो आणि त्याचे फेसपण संपते. पायाला आसरा मिळतो तो या मधल्या अवस्थेत, कारण उंच हाडाखालचा भाग दबून भोवतालचा तळपाय भार उचलू लागतो. साठ किलोंचे वजन दसपट क्षेत्रावर पसरले की दाब एक-दशांश होतो, इतका हा हिशेब सरळ आहे. खुल्या कोष्ठांच्या फोमची घनता निम्मी केली तर ताठरपणा सुमारे चतुर्थांश होतो. म्हणून अतिमऊ फोम पहिल्याच पावलाला तळ गाठतो आणि कठीण फळीसारखा वागतो. या चपलेच्या वरच्या थरासाठी काठिण्य मोजण्याच्या शोअर मापावर पंधराच्या आसपास काठिण्य ठरवण्यात आले, ते याच दोन टोकांमधील मध्यममार्ग म्हणून.

पुढे याच प्रश्नाने चेन्नईत दुसरे रूप घेतले. मधुमेहही पाय बधिर करतो, आणि रॉयपुरम येथे प्रा. एम. विश्वनाथन यांनी १९५४ साली स्थापिलेल्या मधुमेह रुग्णालयात असे पाय नित्य येत. तेथील परीक्षा साधी असते : नायलॉनचा ताठ तंतू तळपायाला लावून तो वाकेपर्यंत दाबतात; दहा ग्रॅम भाराला वाकणारा तंतू टेकल्याचेही रोग्याला कळले नाही, तर रक्षक संवेदना गेली असे समजतात. या रुग्णालयाने अड्यार येथील, १९४८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या सहकार्याने २४१ रुग्णांची पाहणी करून ती २००४ साली प्रसिद्ध केली. या सर्वांना पूर्वी पायाला व्रण होऊन गेलेला होता. काहींना सूक्ष्मकोष्ठी रबराचे, काहींना पॉलियुरेथेन फोमचे, तर काहींना पायाबरहुकूम घडवलेले अस्तर दिले होते. उरलेले आपल्या नेहमीच्या चपला वापरीत होते. नऊ महिन्यांत उपचारी पादत्राणे वापरणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्क्यांना नव्या जखमा झाल्या, नेहमीच्या चपलांत ३३ टक्क्यांना. गिंडीजवळच्या आयआयटीत के. एम. पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालताना तळपायाखाली पडणारा दाब मोजण्याचे आणि पायाच्या गणिती प्रतिमेवरून आतील ताण काढण्याचे काम केले, त्यामुळे वैद्याच्या अनुभवाला अभियंत्याच्या आकड्याची जोड मिळाली.

तथापि जो फोम आज योग्य आहे तो कायम योग्य राहील असे नाही. प्रयोगशाळेत त्याचा तुकडा निम्म्या जाडीपर्यंत दाबून ७० अंश सेल्सियसला बावीस तास ठेवतात आणि सुटल्यावर तो किती उभारी धरतो हे पाहतात. जेवढी जाडी परतत नाही, तेवढा त्याचा टिकाऊपणा उणा. पायातही हेच घडते, मात्र सावकाश आणि नकळत. निरोगी माणसाची चप्पल दबून बसली की पायच तक्रार करतो. येथे तक्रार करणारा साक्षीदारच मुका असतो. म्हणून या सर्व संशोधनाची परिणती अखेर एका नीरस दिसणाऱ्या कारकुनी कामात होते : चप्पल कधी दिली याची नोंद ठेवणे, आणि रोग्याने मागितली नाही तरी मुदत संपताच त्याला बोलावून नवी देणे. ज्या केंद्रात ही नोंद ठेवली जात नाही, तेथे उत्तम फोमही काही महिन्यांचाच सोबती ठरतो.