सव्वीस वेळा सोळाशे

हिमायतनगरात पहाटे भोकर रोडला फिरायला निघालं की पोलीस भरतीची पोरं धापा टाकत शेजारून जातात. चहाच्या टपरीवर मग ठरलेलं वाक्य कानावर येतं, "आपला पोरगा सोळाशे पाच-दहाला काढतोय. मुंबईची मॅरेथॉन काय, खेळल्यासारखी पळल!" जानेवारी जवळ आला की हे रोजचंच. पहिली दोन वर्षं मी हसून सोडून दिलं. आता कागद-पेन काढतो.

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. त्यात सोळाशे मीटर सव्वीस वेळा बसतात आणि वर जवळजवळ सहाशे मीटर उरतात. प्रत्येक सोळाशे ५ मिनिटं १० सेकंदांत, मधे एकदाही न थांबता काढलं तर एकूण वेळ येते २ तास १६ मिनिटं १५ सेकंद. २०१६ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये केरळचा टी. गोपी नेमक्या याच वेळेत पळाला, भारतीयांत दुसरा आला आणि रिओ ऑलिम्पिकला पात्र ठरला. म्हणजे टपरीवरच्या काकांचं म्हणणं असं, की पोरगा पोलीस भरतीच्या ग्राउंडवरून थेट ऑलिम्पिकला जाणार. जावो बापडा. पण काकांनी आधी त्याला पाच किलोमीटर त्या वेगाने पळताना बघावं.

पोरगा कमी आहे असं मी म्हणत नाही. दोन्ही कामंच वेगळी आहेत. सोळाशेत छाती फाटते, पाय दगड होतात, पण पाच मिनिटांत शरीराचा साठा संपत नाही. मॅरेथॉन हा साठ्याचा हिशोब आहे. साठ किलोच्या माणसाला एका किलोमीटरला ढोबळमानाने साठ कॅलरी लागतात, म्हणजे सगळे मिळून अडीच हजार. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, पुरते सुमारे दोन हजारांना. चरबी कितीतरी असते, पण ती सावकाश जळते. सुरुवातीलाच सुसाट सुटणाऱ्याची साखर तिसाव्या किलोमीटरच्या पुढेमागे तळाला जाते आणि पाय ऐकेनासे होतात. पळणारे याला 'भिंत' म्हणतात. मुंबईत वर्षानुवर्षं ही भिंत लागते न लागते तोच समोर पेडर रोडचा चढ उभा राहत आलाय.

यावर काकांचं उत्तर तयार असतं, "आपण चव्वेचाळीस डिग्रीत राहणारी माणसं, मुंबईचं ऊन आपल्याला काय लागतंय!" लागतं. आपल्याकडची हवा कोरडी, घाम आला की उडतो आणि अंग गार होतं. मुंबईच्या दमट हवेत घाम उडत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेल्या घामाने बनियन भिजतं, अंग थंड होत नाही. तिथे पारा तिशीच्या खाली असला तरी आपला गडी वाफेवर शिजतो.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत, पण हटत नाहीत. 'जितकं पाणी प्याल तितकं चांगलं': नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या धावपटूंच्या तपासणीत तेरा टक्के जणांच्या रक्तात सोडियम कमी आढळलं, आणि मुख्य कारण होतं अती पिणं. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने २००५ साली ते छापलंय. 'गुडघे झिजतात': २०१७ च्या एका एकत्रित अभ्यासात हौशी धावपटूंमध्ये गुडघा-खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण साडेतीन टक्के निघालं, बसून राहणाऱ्यांत दहा. मात्र स्पर्धेसाठी जीव तोडून पळणाऱ्यांत तेही तेराच्या वर होतं, हेही सांगायला हवं. 'बाईमाणसाचं काम नाही': परभणीची ज्योती गवते २०१७ साली मुंबईत भारतीय महिलांत पहिली आली, २ तास ५० मिनिटांत. 'हे शहरी नवं फॅड': बेळगावकडचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन पळाले, एकोणिसावे आले. 'लताबाई करे अनवाणी, नऊवारीत मॅरेथॉन जिंकल्या': बाईंच्या हिमतीला माझा दंडवत, पण बारामतीची ती ज्येष्ठांची शर्यत तीन किलोमीटरची होती. बॅनरवर 'मॅरेथॉन' छापल्याने अंतर वाढत नाही, हे सव्वीस जानेवारीला पाच किलोमीटरची 'भव्य मॅरेथॉन' भरवणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं.

मागच्या आठवड्यात त्याच भरतीवाल्यांपैकी एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, खरंच पळायचं असल तर?" त्याला सांगितलं, रविवारी दहा किलोमीटर पळ, पण सोबत्याशी बोलता येईल इतक्या सावकाश, बोलणं तुटलं की वेग जास्त झाला. मग अंतर हळूहळू वाढव, पाच-सहा महिने. जाण्याची चिंता नाही, नंदीग्राम एक्सप्रेस थेट मुंबईला सोडते आणि शर्यत सीएसएमटीपासूनच सुटते. तो म्हणाला, "सावकाश पळायचं? पोरं हसतील की."